किती खेपा नव्हे, किती गावं? ग्रुप बायच्या क्वेरीतून गटांची संख्या अचूक काढण्याची रीत

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या तालुक्याच्या ठिकाणी रोज एक आकडा मागितला जातो : आज किती गावांना टँकर चालू आहे? डेटाबेसमध्ये मात्र गावं साठवलेली नसतात, खेपा साठवलेल्या असतात. एकेका गावाच्या दिवसाला तीन-चार खेपा होतात आणि प्रत्येक खेपेची एक ओळ पडते. म्हणून ओळी मोजल्या की खेपा मिळतात, गावं नाही. गावं हवी असतील तर आधी ओळींचे गट पाडायचे आणि मग गट मोजायचे. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारण्याची भाषा) शिकताना सगळ्यात जास्त घसरण या दुसऱ्या पायरीवर होते.

एक खुलासा आधीच. इथल्या क्वेरी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना कीवर्ड आणि अंक रोमन लिपीत टाका. टेबल-कॉलमची नावं पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींत देवनागरीतही चालतात, पण कीबोर्ड सारखा बदलावा लागतो. रोमन नावंच सोयीची.

नमुन्याचं टेबल

टेबलाचं नाव टँकर_खेप. एका दिवसाच्या दहा ओळी घेऊ. तालुके खरे आहेत, बाकी मजकूर नमुन्यापुरता.

क्रमांक | टँकर | तालुका | गाव | लिटर
१ | टँ-१ | अंबड | वडगाव | १२०००
२ | टँ-१ | अंबड | वडगाव | १२०००
३ | टँ-१ | अंबड | वडगाव | १२०००
४ | टँ-२ | अंबड | पिंपळगाव | १००००
५ | टँ-२ | अंबड | पिंपळगाव | १००००
६ | टँ-३ | पाटोदा | वडगाव | १२०००
७ | टँ-३ | पाटोदा | पिंपरी | १२०००
८ | टँ-४ | भूम | पिंपळगाव | २००००
९ | टँ-४ | भूम | पिंपळगाव | २००००
१० | टँ-४ | भूम | नल | २००००

दहाव्या ओळीत गाव भरलेलंच नाही; ‘नल’ म्हणजे किंमतच नाही. ती ओळ मुद्दाम ठेवली आहे, कारण पुढचा निम्मा घोळ तिच्यामुळेच होतो. कागद-पेन घेऊन गट हाताने पाडून बघा : (तालुका, गाव) या जोडीचे सहा गट पडतात. त्यातले पाच गट खऱ्या गावांचे, सहावा भूम तालुक्यातल्या बेनाव खेपेचा.

पहिली चूक : काउंट गटाच्या आतलं मोजतो

पहिल्यांदा बहुतेकजण हे लिहितात :

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम टँकर_खेप ग्रुप बाय तालुका, गाव;

उत्तर म्हणून ६ हा एक आकडा अपेक्षित असतो. प्रत्यक्षात सहा ओळी येतात : ३, २, १, १, २, १. क्रम कसाही असू शकतो. यात डेटाबेसची चूक नाही. तो फ्रॉमपासून सुरुवात करतो, मग व्हेअरने ओळी गाळतो, मग ग्रुप बायने गट पाडतो, हॅविंगने गट गाळतो, आणि त्यानंतर सिलेक्टमधला काउंट दाखवतो. म्हणजे काउंट चालतो तेव्हा गट पडून गेलेले असतात आणि तो प्रत्येक गटात शिरून तिथल्या ओळी मोजतो. गटांची संख्या त्याला माहीतच नसते. ती काढायची तर गटांच्या यादीच्या बाहेर उभं राहून मोजावं लागतं.

या चुकीचं वाईट रूप प्रोग्रॅममध्ये दिसतं. कोड फक्त पहिली ओळ वाचतो, त्याला ३ मिळतात आणि पडद्यावर ‘एकूण ३ गावं’ असं छापून येतं. एररही येत नाही. लाराव्हेल या वेब-फ्रेमवर्कच्या क्वेरी बिल्डरमध्ये ग्रुपबायनंतर काउंट लावला की नेमकं हेच होतं. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये त्याच ठिकाणी आकड्याऐवजी गट आणि संख्या यांच्या जोड्या परत येतात, त्यामुळे तिथे चूक निदान लवकर लक्षात येते.

भरवशाची रीत : सबक्वेरी

कुठल्याही डेटाबेसवर चालणारी रीत हीच आहे. आतल्या क्वेरीने गटांची यादी करायची, बाहेरच्या क्वेरीने यादीतल्या ओळी मोजायच्या.

सिलेक्ट काउंट(*)
फ्रॉम (
सिलेक्ट तालुका, गाव
फ्रॉम टँकर_खेप
व्हेअर गाव इज नॉट नल
ग्रुप बाय तालुका, गाव
) गट;

उत्तर ५. व्हेअरची ओळ काढली तर ६.

शेवटचं ‘गट’ हे सबक्वेरीचं टोपणनाव. ते विसरलं तर मायएसक्यूएल १२४८ क्रमांकाची एरर देतं. पोस्टग्रेएसक्यूएलला १६ व्या आवृत्तीच्या आधी ते लागायचंच, आता ऐच्छिक आहे. एसक्यूएल सर्व्हरला लागतंच. ओरॅकलला नाव दिलेलं चालतं, पण त्याआधी ‘ॲज’ लिहिलेलं चालत नाही. म्हणून टोपणनाव नेहमी द्या आणि मध्ये ‘ॲज’ घालू नका; असं लिहिलेलं सगळीकडे चालतं.

आत कॉलमऐवजी नुसतं ‘सिलेक्ट १’ लिहिण्याची पद्धत आहे. बाकीच्यांना ते पटतं, एसक्यूएल सर्व्हरला नाही. सबक्वेरीतल्या प्रत्येक कॉलमला त्याला नाव हवं असतं. तिथे ‘१ ॲज क्ष’ असं लिहावं. आतमध्ये ऑर्डर बाय असेल तर तो काढून टाका. मोजण्यासाठी क्रमाचा उपयोग नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर तर टॉप किंवा ऑफसेटसारखं काही सोबत नसेल तर आतला ऑर्डर बाय घेतच नाही.

अट गटावर असेल तर सबक्वेरीला पर्याय शोधत बसू नका. ‘दोन किंवा जास्त खेपा झालेली गावं किती?’ हे असं :

सिलेक्ट काउंट(*)
फ्रॉम (
सिलेक्ट तालुका, गाव
फ्रॉम टँकर_खेप
व्हेअर गाव इज नॉट नल
ग्रुप बाय तालुका, गाव
हॅविंग काउंट(*) >= २
) गट;

उत्तर ३ : अंबडची दोन गावं आणि भूमचं पिंपळगाव. व्हेअर खेपा गाळतो, हॅविंग गावं गाळतो. ‘१५००० लिटरपेक्षा मोठी खेप’ ही व्हेअरची अट, तर ‘गावाला दिवसात एकूण १५००० लिटरपेक्षा जास्त पाणी’ ही हॅविंगची, सम(लिटर) वापरून. नमुन्यात पहिल्या अटीत एकच गाव बसतं आणि दुसरीत तीन. वाक्य मराठीत नीट मांडलं की अट कुठे जाते ते आपोआप कळतं.

सबक्वेरीऐवजी विथ वापरूनही हेच लिहिता येतं. वाचायला ते सोपं जातं, कारण आधी गट आणि मग मोजणी असा क्रम डोळ्यांना दिसतो. मायएसक्यूएलमध्ये मात्र विथ ८.० पासूनच आहे. जुन्या सर्व्हरवर ५.७ चालू असेल तर सबक्वेरीच लिहा.

काउंट डिस्टिंक्ट : छोटा रस्ता आणि त्यावरचे खड्डे

हॅविंग नसेल तर एका ओळीत काम होतं :

सिलेक्ट काउंट(डिस्टिंक्ट गाव) फ्रॉम टँकर_खेप;

आपल्या टेबलावर याचं उत्तर ३ येतं : वडगाव, पिंपळगाव, पिंपरी. खरी गावं पाच आहेत. अंबडचं वडगाव आणि पाटोद्याचं वडगाव इथे एकच धरलं गेलं. वडगाव, पिंपळगाव, पिंपरी ही नावं मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यात सापडतात, कधी एकाच तालुक्यात दोनदा. नुसत्या नावावर गट पाडलेला आकडा म्हणून नेहमी कमी निघतो, आणि कमी निघालेला आकडा म्हणजे कागदावरून गळालेलं गाव. इथे हयगय नको. शक्य असेल तर नावाऐवजी गावाचा कोड साठवा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी कोड आहे, आणि केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे. दोन्हींपैकी एकच निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

कोड नसेल तर जोडी मोजावी लागते, आणि इथे प्रत्येक डेटाबेसची चाल वेगळी आहे.

मायएसक्यूएलमध्ये काउंट(डिस्टिंक्ट तालुका, गाव) चालतं. जोडीतला एकही भाग नल असेल तर ती ओळ मोजली जात नाही, म्हणून आपलं उत्तर ५.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आणखी एक कंस लागतो : काउंट(डिस्टिंक्ट (तालुका, गाव)). तिथे अख्खी जोडी ही एक किंमत धरली जाते. आतला एक भाग नल असला तरी जोडी नल होत नाही. म्हणून उत्तर ६.

एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइट यांत जोडी चालतच नाही. तिथे सबक्वेरी हाच मार्ग.

तीच ओळ, तोच डेटा, आणि एकीकडे ५ तर दुसरीकडे ६. डेटाबेस बदलताना अहवालाचे आकडे हलतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं. यासाठी ‘गाव इज नॉट नल’ ही अट स्वतः लिहा, डेटाबेसच्या सवयीवर सोडू नका. लक्षात ठेवण्याचा नियम छोटा आहे : ग्रुप बाय सगळे नल एका गटात बसवतो आणि तो गट मोजला जातो, एका कॉलमवरचा काउंट डिस्टिंक्ट नलकडे बघतच नाही.

जोडी चालत नाही म्हणून काहीजण दोन्ही नावं चिकटवून मोजतात. चिकटवताना मध्ये दुसरीकडे कुठेही न येणारं चिन्ह ठेवलं नाही तर दोन वेगळ्या जोड्यांची एकच अक्षरमाळ होऊ शकते. शिवाय एक भाग नल असला की पोस्टग्रेच्या जोडचिन्हाने किंवा मायएसक्यूएलच्या कॉन्कॅटने सगळंच नल होतं, पण ओरॅकल नलला रिकामी अक्षरमाळ समजतं. ही युक्ती सोडून द्यावी.

बेरीज लागत नाही तेव्हा

तालुकावार गावं काढू :

सिलेक्ट तालुका, काउंट(डिस्टिंक्ट गाव) फ्रॉम टँकर_खेप ग्रुप बाय तालुका;

अंबड २, पाटोदा २, भूम १. बेरीज ५, बरोबर आहे, कारण गाव एका वेळी एकाच तालुक्यात असतं. आता गावाच्या जागी टँकर घ्या. एखादा टँकर सकाळी पाटोद्यात आणि दुपारी शेजारच्या तालुक्यात गेला तर तो दोन्हीकडे मोजला जातो आणि बेरीज खऱ्या टँकरांपेक्षा जास्त येते. तारखेचंही तसंच. मे महिन्यातल्या रोजच्या गावसंख्यांची बेरीज केली तर मिळतात ते गाव-दिवस. एक गाव ३१ दिवस टँकरवर असेल तर ते त्या बेरजेत ३१ वेळा आहे. महिन्याची गावसंख्या हवी असेल तर मूळ ओळींवर महिन्याचा काउंट डिस्टिंक्ट पुन्हा चालवा. वेगवेगळ्या गोष्टींची संख्या खालून वर बेरजेने चढत नाही. खेपा आणि लिटर चढतात.

रोलअप वापरून बेरजेच्या ओळी क्वेरीतच काढल्या असतील तर त्या निकालावर काउंट लावू नका. तालुक्याची बेरीज आणि एकूण बेरीज याही ओळीच असतात आणि त्याही गट म्हणून मोजल्या जातात. ग्रुपिंग फंक्शनने आधी त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

यादी आणि एकूण संख्या एकाच क्वेरीत

वेबपानावर वीस-वीस गावांची यादी दाखवायची आणि वर ‘एकूण इतकी गावं’ लिहायचं, ही नेहमीची गरज. मायएसक्यूएल ८.०, एसक्यूलाइट ३.२५, पोस्टग्रेएसक्यूएल ८.४ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत विंडो फंक्शन आहे :

सिलेक्ट तालुका, गाव,
काउंट(*) ॲज खेपा,
काउंट(*) ओव्हर () ॲज एकूण_गावं,
सम(काउंट(*)) ओव्हर () ॲज एकूण_खेपा
फ्रॉम टँकर_खेप
व्हेअर गाव इज नॉट नल
ग्रुप बाय तालुका, गाव
ऑर्डर बाय तालुका, गाव
लिमिट २० ऑफसेट ०;

पहिला काउंट गटाच्या आतल्या ओळी मोजतो. ओव्हर लावलेला काउंट गट पडून झाल्यावर चालतो, म्हणून तो गट मोजतो आणि प्रत्येक ओळीत ५ लिहितो. एकूण_खेपा ९ येतात. लिमिट सगळ्यात शेवटी लागतो, त्यामुळे पानावर दोनच ओळी दाखवल्या तरी संख्या ५ च राहते.

अडचण एकच, पण ती नक्की येते. ऑफसेट यादीच्या पुढे गेला किंवा अटीत एकही गाव बसलं नाही, तर निकालात ओळच नसते; मग संख्या वाचायची कुठून? सबक्वेरीची रीत पहिल्या वेळी खरी संख्या आणि दुसऱ्या वेळी ० देते, विंडोची रीत दोन्ही वेळी काहीच देत नाही. कोडमध्ये ‘ओळ नाही’ ही स्थिती वेगळी हाताळा.

मायएसक्यूएलमध्ये याच कामासाठी एसक्यूएल_कॅल्क_फाउंड_रोज आणि फाउंड_रोज() वापरायची जुनी सवय आहे. ८.०.१७ पासून दोन्ही बाद होण्याच्या यादीत आहेत. नव्या कामात घालू नका.

संख्यांची संख्या

किती गावांना एकच खेप, किती गावांना दोन, किती गावांना तीन? नियोजनाला खरं तर हाच तक्ता लागतो. गट दोनदा पाडायचे :

सिलेक्ट खेपा, काउंट(*) ॲज गावं
फ्रॉम (
सिलेक्ट तालुका, गाव, काउंट(*) ॲज खेपा
फ्रॉम टँकर_खेप
व्हेअर गाव इज नॉट नल
ग्रुप बाय तालुका, गाव
) गट
ग्रुप बाय खेपा
ऑर्डर बाय खेपा;

निकाल : १ खेप – २ गावं, २ खेपा – २ गावं, ३ खेपा – १ गाव. ताळा करा : १×२ + २×२ + ३×१ = ९, आणि बेनाव खेप एक, मिळून १०. टेबलात ओळी दहाच आहेत. हा ताळा प्रत्येक अहवालाला लावावा. बसला नाही तर अहवाल पुढे पाठवू नये.

शून्य खेपांची गावं

या तक्त्यात ० खेपांची ओळ कधीच येणार नाही. ज्या गावाला टँकर पोचलाच नाही त्याची खेपेच्या टेबलात ओळच नाही, मग गट कसला पडणार? आणि शोधायचं असतं ते नेमकं तेच गाव. त्यासाठी मंजूर गावांचं वेगळं टेबल लागतं आणि सुरुवात तिथून करावी लागते (इथे खेपेच्या टेबलात गाव_कोड आणि दिनांक हे कॉलमही आहेत असं धरलं आहे) :

सिलेक्ट म.गाव_कोड, काउंट(ख.क्रमांक) ॲज खेपा
फ्रॉम मंजूर_गाव म
लेफ्ट जॉइन टँकर_खेप ख
ऑन ख.गाव_कोड = म.गाव_कोड ॲण्ड ख.दिनांक = '२०२४-०५-१५'
ग्रुप बाय म.गाव_कोड;

यात दोन जागा सांभाळायच्या. काउंट(*) लिहिलं तर न पोचलेल्या गावालाही १ मिळतो, कारण लेफ्ट जॉइनने त्याची एक रिकामी ओळ उभी केलेली असते. काउंट(ख.क्रमांक) नल सोडून देतो आणि ० दाखवतो. दुसरं, तारखेची अट ऑनमध्येच ठेवा. ती व्हेअरमध्ये नेली की रिकाम्या ओळी गळतात आणि शून्याची गावं पुन्हा गायब होतात. नुसती संख्या हवी असेल तर शेवटी हॅविंग काउंट(ख.क्रमांक) = ० लावून ही क्वेरी वरच्या सबक्वेरीच्या रीतीत बसवा.

जॉइनचा उलटा धोकाही आहे. त्याच क्वेरीला तक्रारींचं टेबल जोडलं आणि गावाच्या ३ खेपा व २ तक्रारी असल्या, तर ६ ओळी तयार होतात आणि खेपा ६ दिसतात. काउंट(डिस्टिंक्ट ख.क्रमांक) ने खेपांची संख्या सुधारते, पण लिटरची बेरीज दुप्पटच राहते. दोन्ही टेबलांचे गट आधी वेगवेगळे पाडून मग जोडणं हाच बरोबर मार्ग.

गट फुटतात कुठे

मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके आहेत. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत, कारण गटांची संख्या त्यापेक्षा जास्त आली तर डेटा मळलेला आहे हे लगेच कळतं. अनेक वर्षांच्या नोंदींवर काउंट(डिस्टिंक्ट जिल्हा) चालवला आणि १० आले, तर आधी नावं बघा : औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, जुन्या ओळी तशाच राहिल्या, आणि एका जिल्ह्याचे दोन गट झाले. तालुक्यांत अंबाजोगाई आणि अंबेजोगाई, औंढा आणि औंढा नागनाथ, परळी आणि परळी वैजनाथ अशा जोड्या सापडतात. जुन्या नावाला कोड देणारं एक छोटं टेबल करा आणि गट कोडवर पाडा. मूळ ओळीतलं नाव खोडू नका. तो त्या दिवसाचा कागद आहे.

डोळ्यांना न दिसणारे फरक आणखी चिवट असतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ट्रिमने जाते. पण ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं : एकदा ‘ऱ’ वापरून, एकदा ‘र’ च्या हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पोस्टग्रेएसक्यूएलच्या नेहमीच्या तुलनेत मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत आणि गटही दोन पडतात. शंका आली तर नावासोबत लेंग्थ काढून बघा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांची लांबी वेगळी निघाली की चोर सापडला.

वेळेचा घोळ पहाटेच्या खेपांना बसतो. कॉलममध्ये तारीख आणि वेळ एकत्र असेल आणि थेट त्यावर गट पाडला, तर जवळपास प्रत्येक खेपेचा वेगळा गट होतो. म्हणून आधी तारखेत रूपांतर करायचं. पण सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्या पहाटे ५:३० च्या आधीची खेप आदल्या तारखेत पडते. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेडने +५:३० करून घ्या, पोस्टग्रेमध्ये ॲट टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ लावा, आणि मगच तारीख काढा.

मायएसक्यूएलच्या जुन्या प्रणालींत सिलेक्टमधला कॉलम ग्रुप बायमध्ये नसला तरी क्वेरी चालायची आणि गटातली कुठलीही एक किंमत यायची. ५.७.५ पासून ओन्ली_फुल_ग्रुप_बाय मुळातच चालू असतं आणि अशी क्वेरी अडवली जाते. एरर आली म्हणून तो मोड बंद करू नका. तो कॉलम ग्रुप बायमध्ये घाला, किंवा मॅक्स-मिन लावून कोणती किंमत हवी ते सांगा. ग्रुप बायमध्ये कॉलम वाढवला की गटांची संख्या बदलू शकते, हे मात्र तेव्हाच तपासा : गावासोबत टँकरही घातला की दोन टँकरांचं गाव दोनदा मोजलं जातं.

वेग

काही हजार ओळींवर यातलं काहीही चालेल. ओळी लाखांच्या पुढे गेल्या की (दिनांक, गाव_कोड) असा जोड-इंडेक्स करा, याच क्रमाने. अट तारखेवर असते म्हणून तारीख पुढे. क्वेरीला दोनच कॉलम लागत असतील तर डेटाबेसचं काम बऱ्याचदा इंडेक्सवरच भागतं.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मोठ्या टेबलावर काउंट(डिस्टिंक्ट ...) रेंगाळतो, कारण त्याला किमती क्रमाने लावून घ्याव्या लागतात आणि ते काम समांतर वाटता येत नाही. तीच मोजणी सबक्वेरीत ग्रुप बायने लिहिली की हॅश वापरता येतो आणि वेळ बराच वाचू शकतो. दोन्ही क्वेरी एक्सप्लेन ॲनलाइझने चालवून वेळ ताडून बघा, अंदाजावर जाऊ नका.

एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून आणि ओरॅकलच्या १२सी मध्ये अंदाजे मोजणारं ॲप्रॉक्स_काउंट_डिस्टिंक्ट आहे. अब्जावधी ओळींवर, एखाद-दुसऱ्या टक्क्याची चूक चालणार असेल तिथे ते उपयोगी पडतं. टँकरच्या यादीला ते लावायचं नाही. तिथे सबक्वेरी आणि इंडेक्स पुरेसे आहेत.